गांजा: जेल नको, पण दुकानंही नकोत

संपादक महोदय,

गांजाला कायद्याने मोकळीक द्यावी असा सूर असलेला आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला, अर्धा पटला अर्धा नाही म्हणून लिहितोय. पटलेला भाग असा की आपला १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा एकाच झाडाच्या पानाला (भांग) सोडतो आणि फुलाला (गांजा) पकडतो, म्हणजे इथे इंदूरला आणि उज्जैनला भांग सरकारी लायसनच्या दुकानात मिळते, रंगपंचमीला तर घराघरात घोटली जाते, पण एखाद्या कॉलेजच्या पोराच्या खिशात गांजाची पुडी सापडली तर एक वर्षापर्यंत जेल होऊ शकते. मुलगा एकदा जेलमधे गेला की नोकरी, लग्न, सगळंच अडतं हो, आणि व्यसन सुटतं असंही नाही. डिसेंबर २०२० मधे संयुक्त राष्ट्रांत गांजाला अमली पदार्थांच्या सगळ्यात कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी पास झाला तेव्हा भारताने बाजूनेच मत दिलं होतं, मग घरच्या कायद्यात थोडा गांजा सापडलेल्याला जेलऐवजी उपचार का नाही?

पण लेखक कॅनडाचं उदाहरण देऊन खुल्या विक्रीपर्यंत जातात ते मात्र अजिबात पटत नाही. थायलंडने २०२२ मधे गांजा मोकळा केला, गल्लोगल्ली दुकानं झाली आणि २०२५ मधे परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावा लागला. आपल्याकडे शाळेजवळ गुटखा थांबवता येत नाहीये, तिथे गांजाच्या दुकानावर वय कोण तपासणार?

– एक वाचक, रामबाग, इंदूर