मंद्या, सही माझीच आहे

अंधेरी, रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मंद्या,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहावा की 'साष्टांग', ते सिनिऑरिटीची यादी लागल्यावर ठरवू. सध्या नुसताच नमस्कार.

व्हॉट्सॲपवर मुद्दाम लिहिलं नाही. हल्ली इकडचा स्क्रीनशॉट तिकडच्या ग्रुपवर पडायला दहा मिनिटं लागत नाहीत, आणि ही गोष्ट तुला माझ्याकडूनच कळायला हवी. आमच्या पायलट असोसिएशनने तुमची-आमची एअरलाइन एक होतेय त्या मर्जरबद्दल जे निवेदन दिलंय, त्यावर चौथ्या ओळीत माझी सही आहे. मागणी एकच: सिनिऑरिटी डेट ऑफ जॉइनिंगनेच लावा. म्हणजे 2010चा मी वर आणि 2014चा तू खाली. तुमचे लोक मागतायत ते कमांडच्या, म्हणजे कॅप्टन झाल्याच्या तारखेनुसार. तसं झालं तर 2019चा तू वर आणि 2021चा मी खाली. आमच्या एकाने दोन्ही गणितं एक्सेलमध्ये मांडून पाठवली होती. एका शीटवर मी तुझ्या 140 जण पुढे, दुसऱ्यावर 90 जण मागे. कोलकात्याच्या हॉटेलात रात्री दोन वाजता मी आधी माझा नंबर शोधला आणि लगेच तुझा. खोटं कशाला बोलू?

आईला हे काही केल्या पटत नाही. "पगार तोच, विमान तेच, मग नंबराचं काय घेऊन बसलास?" तिला म्हटलं, बँकेतला मॅनेजर दुसऱ्या बँकेत मॅनेजर म्हणूनच जातो. आम्ही दुसऱ्या एअरलाइनमध्ये गेलो की कमांडर म्हणून घेतलं तरी यादीत तळाला. मोठं विमान कुणाला, मुंबई बेस कुणाला, दिवाळीची रजा कुणाला, सगळं त्या यादीवरून. आणि रिटायरमेंट 65ला. म्हणजे हा नंबर अजून सव्वीस वर्षं गळ्यात. ती म्हणाली, "मग मंदार काय म्हणतो?" तिथे माझी गाडी अडली.

2012 आठवतंय? तू भावाच्या मेडिकलच्या दुकानात बसायचास आणि रोज फोन करून विचारायचास, "मिटला का रे संप?" एअर इंडियाच्या पायलट्स गिल्डचा तो संप 58 दिवस चालला. तू चिडून म्हणायचास, "ज्यांना नोकरी आहे त्यांना ती करायची नाही, आणि आम्हाला मिळत नाही." तेव्हा मला ते भांडण म्हणजे नुसता माज वाटायचा. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर 2007 सालीच एक झाल्या होत्या. 2011मध्ये इंडियन एअरलाइन्सवाले दहा दिवस संपावर होते, त्यांना एअर इंडियावाल्यांएवढा पगार हवा होता. तो प्रश्न न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीकडे गेला. आणि 2012मध्ये गिल्डवाले का बसले, तर ड्रीमलायनर या नव्या मोठ्या विमानाचं ट्रेनिंग इंडियन एअरलाइन्सवाल्यांना का देता म्हणून. गंमत म्हणजे पहिलं ड्रीमलायनर आलं सप्टेंबरात, संप मिटल्यावर. विमान यायच्या आधीच त्यातल्या खुर्च्यांवरून मारामारी! मी हसलो होतो. आता हसायला येत नाही.

अमेरिकेचं प्रकरण तर याहून वाईट. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट 2005मध्ये एक झाल्या. यूएस एअरवेजवाले जुने, पण त्यांची कंपनी दिवाळखोरीत आणि कित्येक पायलट घरी बसवलेले. तेही डेट ऑफ जॉइनिंगच मागत होते, आमच्यासारखेच. 2007मध्ये निकोलाऊ नावाच्या लवादाने यादी दिली. मोठी विमानं उडवणारे पाचेकशे पूर्वेकडचे, म्हणजे यूएस एअरवेजवाले, वर ठेवले, घरी बसवलेले तळाला ढकलले, आणि मधल्यांची प्रमाणानुसार मिसळ केली. त्यात सतरा वर्षं नोकरी झालेला माणूस पश्चिमेकडच्या, म्हणजे अमेरिका वेस्टच्या, नव्या भरतीच्याही खाली गेला. पूर्वेकडचे संख्येने जास्त. त्यांनी जुनी युनियनच मतदानाने उलथवली, 2008मध्ये स्वतःची आणली आणि ती यादी काही लागू होऊ दिली नाही. कोर्टकचेऱ्या सुरूच. पुढे कंपनी अमेरिकनमध्ये विलीन झाली आणि 2016मध्ये नव्या लवादाने तिसरीच यादी केली. अकरा वर्षं! या अकरा वर्षांत किती जणांनी यादीच्या नादात मित्र गमावले असतील, त्याची मोजदाद कुठल्याच निकालपत्रात नसणार.

परवा कोलकात्याला सकाळी नाश्त्याला खाली आलो, तर तुमचा एक क्रू आधीच बसलेला. आमचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, जेमतेम सव्वीसचा पोरगा, माझ्या कानाशी लागून म्हणाला, "सर, ते बघा, इन्स्टंट कॅप्टन." मी त्याला गप्प केलं नाही. डोशाच्या रांगेत तुमच्या कॅप्टनने प्लेट माझ्यापुढे धरली, "प्लीज, यू फर्स्ट." तो साधेपणाने म्हणाला की टोमणा होता, हे मला अजून कळलेलं नाही. इतकं डोकं फिरलंय.

आता खरं दुखणं. निवेदनात एक वाक्य होतं, तुमच्याकडच्यांना "अपुऱ्या अनुभवावर घाईने कमांड दिली" असं. मसुदा इंग्रजी तपासायला माझ्याकडेच आला होता. मी स्वल्पविराम दुरुस्त केले, दोन स्पेलिंगं दुरुस्त केली. ते वाक्य माझं नव्हतं, पण मी ते खोडलंही नाही. वाचताना तूच डोळ्यांपुढे होतास. धुळ्याला ट्रेनिंगमध्ये भर उन्हात, आडव्या वाऱ्यात ते खिळखिळं सेसना विमान कसं उतरवायचं, हे मला इन्स्ट्रक्टरपेक्षा तूच जास्त शिकवलंस.

आणि तो हँगरमधला फळा. एकच विमान चालू, आणि खडूने लिहिलेली आपल्या सगळ्यांची नावं. माझ्या मेडिकल सर्टिफिकेटची मुदत सोमवारी संपत होती आणि उड्डाणाचे तीन तास पुरे व्हायचे उरले होते. तू बोट थुंकीने ओलं करून स्वतःचं नाव पुसलंस आणि तिथे माझं लिहिलंस. तुझा नंबर मग चार दिवसांनी लागला.

तर ऐक. शुक्रवारी मी सेक्रेटरींना भेटलो आणि ते वाक्य काढायला लावलं. बरीच बोलणी खाल्ली, "मित्र तिकडे आहे म्हणून ना?" हो, म्हटलं, म्हणूनच. सुधारित निवेदन सोमवारी जाईल, त्यात ते वाक्य नाही. सही मात्र मी मागे घेतलेली नाही आणि घेणारही नाही. कंपनीने विमानंच घेतली नाहीत म्हणून अकरा वर्षं उजव्या, को-पायलटच्या खुर्चीत काढली, मंद्या. ती अशी पुसून टाकलेली मला सहन होणार नाही. तुझी चार वर्षं दुकानात गेली, तीही मला ठाऊक आहेत. दोन्ही एका यादीत कशी बसवायची, मला खरंच सुचत नाही.

शिव्या द्यायच्या तर फोनवर दे, ग्रुपवर नको. तेरा तारखेला माझा दिल्लीला ले-ओव्हर आहे, तुझंही त्या आठवड्यात तिथेच सिम्युलेटर आहे असं वहिनी म्हणाल्या. येणार असशील तर आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी दिलीय ती आणतो. नसशील येणार, तर तसं कळव. चटणी मी खाईन.

तुझा,
दिन्या