सिस्टिम्स इंजिनिअर घडवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात तुम्ही केलेल्या प्रॉडक्ट्सचं भरपूर कौतुक झालं. तुम्ही उभ्या केलेल्या माणसांबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही, म्हणून हे पत्र.

प्रोजेक्ट मोठे होऊ लागले तेव्हा बाहेरून दोन-चार सर्टिफाइड सिस्टिम्स इंजिनिअर, म्हणजे वेगवेगळे भाग एकत्र नीट चालतील हे पाहणारी माणसं, घ्यावीत, असंच सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही आधी घरातली माणसं पाहिलीत. वायरिंग हार्नेसचं, म्हणजे तारांच्या जुडग्यांचं काम करणाऱ्या मुलाला कॅलिब्रेशनला बसवलंत. मी हिंजवडीची सॉफ्टवेअरवाली, मला काही महिने चाकणला प्रॉडक्शन लाइनवर धाडलंत. सर्व्हिसमधले एक काका टीममध्ये हवेतच, म्हणून हट्ट धरलात, कारण पावसाळ्यात कुठल्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं हे त्यांना तोंडपाठ होतं. रिक्वायरमेंट, म्हणजे प्रॉडक्टने नेमकं काय करायला हवं, ते कसं लिहायचं हे मला कोर्सपेक्षा त्यांच्या शेजारी बसून जास्त कळलं.

तुमचा नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानावरचा तास तर अजून आठवतो. १९९९ मध्ये ते यान मंगळाजवळ गमावलं गेलं. एका बाजूचे आकडे पौंड-फोर्स सेकंदात होते, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद म्हणून घेतले. एवढं आम्हाला माहीत होतं. तुम्ही पुढचं वाचायला लावलंत: टीम्समधला तुटका संवाद, कमकुवत सिस्टिम्स इंजिनिअरिंग, अपुरं प्रशिक्षण, हे सगळं चौकशी अहवालात आहे. मग विचारलंत, "हे आकडे कुठल्या एककात आहेत, हा प्रश्न आपल्याकडे कुणी, कुणाला, कुठल्या रिव्ह्यूमध्ये विचारला असता?" त्यावर दोन तास वाद झाला आणि आमची इंटरफेसची, म्हणजे दोन भाग जिथे एकमेकांना जोडले जातात त्या जागांची, पहिली यादी त्यातूनच तयार झाली.

सगळ्यात मोठे आभार मात्र एका भांडणाचे. इन्कोसी या सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कॉम्पिटन्सी फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे कौशल्यं मोजायच्या चौकटीत, नुसत्या ओळखीपासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या आहेत. तुम्ही ती चौकट आणलीत, तेव्हा एचआरला ती थेट अप्रेझलला जोडायची होती. तुम्ही ठाम नकार दिलात. पगारवाढ अडकली की माणूस आपल्याला काय येत नाही ते लपवतो, हे तुम्ही ओळखलं होतं. त्यामुळेच "मला ट्रेड-ऑफ, म्हणजे पर्यायांचा फायदा-तोटा तोलून निवड, करता येत नाही" असं आम्ही मोकळेपणाने म्हणू शकलो आणि शिकलो. मॅनेजर न होताही वर जाता येईल अशी तांत्रिक वाट तुम्ही मंजूर करून घेतलीत. ती नसती तर आमच्यातले निम्मे आज फक्त एक्सेल सांभाळत बसले असते, असं मला मनापासून वाटतं.

यंदाची नवी मुलंही आधी लाइनवर आणि सर्व्हिस सेंटरला जाऊन आली. त्यांचा पहिला इंटरफेस रिव्ह्यू पुढच्या महिन्यात चाकणला आहे. तुम्ही यावं, मागच्या रांगेत बसावं आणि नेहमीसारखे प्रश्न विचारावेत, अशी सगळ्यांची इच्छा आहे. गाडी पाठवते.

आपली कृतज्ञ,
सिस्टिम्स टीममधली एक सहकारी
पुणे