नुसते 'ठ'

महोदय,

रविवारच्या लेखात 'एआय खऱ्या फोटोंचे तुकडे जोडून चेहरे बनवते' असं छापलंय, ते चूक आहे. इयन गुडफेलो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या 'गॅन' या चित्रं बनवणाऱ्या एआय पद्धतीत दोन नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे दोन प्रोग्रॅम, झुंजतात. एक नकली चित्र काढतं, दुसरं परीक्षक होऊन ते पकडतं. काढणाऱ्याला खरे फोटो दिसतच नाहीत. परीक्षकाच्या शेऱ्यावरूनच ते शिकतं.

आमच्या विद्यार्थ्यांनी गॅनला हस्तलिखित देवनागरी अक्षरं शिकवायला घेतली. तिसऱ्या दिवशी पडद्यावर नुसते 'ठ'! परीक्षक 'ठ'ला फसतो म्हटल्यावर बाकीची अक्षरं काढणाऱ्या नेटवर्कनं सोडूनच दिली. यालाच 'मोड कोलॅप्स' म्हणतात. २०१७ ची वॉसरस्टाइन पद्धत लावली, जिच्यात परीक्षक नुसतं खरं-खोटं न म्हणता नकली चित्रं खऱ्यांपासून किती दूर आहेत ते सांगतो, तेव्हा कुठे 'क्ष' उमटला, मग गाठीसकट 'ळ'. मुलं अक्षरशः ओरडली.

कृपया दुरुस्ती छापावी.

— एक संगणक प्राध्यापिका, सांगली