मतदार यादीच्या घरोघर पडताळणीबाबत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गंगापूर रोड परिसरातील मतदार यादीची पडताळणी येत्या रविवारपासून दोन्ही बाजूंनी करावयाची आहे: यादीतील नाव घेऊन त्या पत्त्यावर जावे, म्हणजे मयत, स्थलांतरित व दुबार नोंदी उघड होतील; तसेच प्रत्येक घरातील 18 वर्षांवरील व्यक्तींची नावे यादीत शोधावीत, कारण सुटलेला मतदार पहिल्या पद्धतीने कधीच सापडत नाही. सून इथे नांदते आणि नाव अजून सिन्नरच्या यादीत, अशांसाठी नमुना 8 (पत्ताबदलाचा अर्ज) आहे. नवीन नोंदणीस नमुना 6. केवळ शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कोणासही ‘स्थलांतरित’ लिहू नये. दाराला कुलूप दिसल्यास सायंकाळी पुन्हा जावे.

– चिटणीस