हवानाच्या मावशींना, त्या खुर्च्यांच्या नकाशाबद्दल

तीर्थस्वरूप मावशी,
सा. न. वि. वि.

माझं स्पॅनिश तुम्ही ऐकलंच आहे, म्हणून मराठीत लिहितेय. भाची ते तुमच्या भाषेत करून पाठवेल. इथे सगळ्यांसमोर अशासाठी टाकतेय, की म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन क्युबातल्या हवानाला निघालेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडावं.

आधी आमच्या ट्रॅव्हलवाल्यांचं सांगते, कारण राग अजून गेलेला नाही. "जुन्या हवानात उतरा मॅडम, सगळं पाच मिनिटांवर!" आईच्या गुडघ्यांचं बुकिंगच्या वेळीच लेखी दिलं होतं. तरी खोली निघाली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तुमच्याकडच्या जुन्या घरांचा एकेक मजला म्हणजे आमचा दीड. फोन केला तर म्हणे, "हेरिटेज प्रॉपर्टी आहे, थोडं अ‍ॅडजस्ट करा." त्यापेक्षा तो घरमालक बरा. त्याने आईकडे एकदा पाहिलं, बॅगा उचलल्या आणि आम्हाला थेट तुमच्या दारात आणून सोडलं. दारावर भाड्याच्या खोलीची ती निळी खूण, आत तळमजल्यावर चौक आणि चौकात उघडणारी खोली. आई म्हणाली, "अगं, हा तर सदाशिव पेठेतला वाडा!" आणि पहिल्यांदा हसली.

पण मला लिहायचंय ते नकाशाबद्दल. सकाळी मी मोबाइलवर यादी काढून बसले होते: चार मोठे चौक, कॅथेड्रल, किल्ला, कॅपिटोलिओ म्हणजे संसदेची इमारत. तुम्ही यादी वाचलीत, मग आईच्या पायांकडे पाहिलंत, आणि एका जुन्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेनाने गल्ल्या काढायला लागलात. स्थळांची नावं नंतर लिहिलीत. आधी खुर्च्या काढल्यात. जिथे फुकट बसता येतं तिथे छोटीशी खुर्ची. सावली सकाळची असेल तर खुर्चीच्या डाव्या अंगाला सूर्य, दुपारनंतरची असेल तर उजव्या. जिथे काही मागवल्याशिवाय बसू देत नाहीत, त्या खुर्चीवर फुली.

त्या पुठ्ठ्यावर आम्ही अख्खं जुनं शहर पाहिलं. प्लाझा दे आर्मास या चौकाला तुम्ही खुर्च्यांची रांगच काढली होती, आणि खरंच, झाडाखालच्या दगडी बाकावरून आईला समोर गव्हर्नरचा राजवाडा दिसत होता. त्याच्यापुढच्या रस्त्यावर लाकडी ठोकळे बसवलेत. घोडागाड्यांच्या खडखडाटाने गव्हर्नरसाहेबांची झोपमोड होऊ नये म्हणून, असं सांगतात. आई त्यावरून चार पावलं चालली आणि म्हणाली, "यांनी झोपेसाठी केला असेल, पण सोसतोय माझ्या गुडघ्यांना." कॅथेड्रलच्या चौकात झाड नाही की बाक नाही. तिथे तुम्ही ओवरीखालची एक पायरी दाखवली होतीत. त्या पायरीवर बसून आईने दोन्ही मनोरे नीट न्याहाळले, एक रुंद, एक अरुंद. मग मी तिला भिंतीजवळ नेलं. प्रवाळाच्या त्या दगडात शंखशिंपल्यांचे ठसे आहेत, आई त्यांवरून बोट फिरवत राहिली. घाईने फोटो काढून पुढे गेलो असतो तर हे दिसलंही नसतं.

ओबिस्पो रस्त्यावर 1898 सालचं जुनं औषधालय आहे, ताकेचेल. नकाशात तिथे खुर्ची होती आणि शेजारी माणसाचं चित्र. अर्थ लागला तो आत गेल्यावर. चिनी मातीच्या पांढऱ्या बरण्यांच्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या बाईंनी आम्हाला पाहताच आपलं स्टूल पुढे सरकवलं. तुम्ही त्यांना आधीच सांगून ठेवलं होतंत! मला तिथे रडू आवरेना आणि आई मला विचारतेय, "काय गं, इथे औषध महाग आहे का?"

1982 पासून तुमचं जुनं शहर युनेस्कोच्या यादीत आहे. त्याच्याबद्दल इंटरनेटवर ढिगाने लिहिलेलं सापडतं, आणि सगळीकडे तेच 'पाच मिनिटांवर'. कुणाच्या पायांनी पाच मिनिटं, हे कुणी लिहीत नाही. जो लिहितो त्याचे गुडघे शाबूत असतात. आमच्याकडेही याहून वेगळं नाही. रायगडाला निदान रोपवे आहे, पण कित्येक देवळांत 'ज्येष्ठांसाठी सोय' म्हणजे एक पाटी आणि पाटीशेजारी पायऱ्या. तुम्ही पैसे घेतलेत ते खोलीचे. पुठ्ठा, स्टूल आणि आईसाठी डुकराचं मांस न घालता वेगळ्या शिजवलेल्या काळ्या घेवड्याचं काही लावलं नाहीत. विचारलं तर हात झटकलात. माणुसकीचं बिल करायचं नसतं हे माहीत असलेली माणसं जगात अजून आहेत, एवढ्यावर मी महिनाभर खूश आहे.

आणि ती नऊची तोफ. काबान्या किल्ल्यावर जाऊन बघायची माझी फार इच्छा होती, पण खाडीपलीकडे गर्दीत उभं राहणं आईला झेपलं नसतं. तुम्ही घरातल्याच चौकात तीन खुर्च्या मांडल्यात आणि घड्याळ काढून बसलात. एकेकाळी शहराच्या तटबंदीचे दरवाजे बंद होत असल्याची ती इशारत. तट पाडायला 1863 मध्ये सुरुवात झाली, दरवाजे गेले, तोफ मात्र रोज रात्री उडते. धडाम झालं तसं तुम्ही घड्याळाचा काटा जरा मागे सारलात आणि आईला म्हणालात काहीतरी. आईने मराठीत उत्तर दिलं. पुढचा तासभर तुम्हा दोघींचं जे चाललं होतं त्यात माझी गरज कुणालाच नव्हती.

आई बरी आहे. पुठ्ठा तिने कपाटात साड्यांखाली ठेवलाय, मला हात लावू देत नाही.

आपली,
पुण्याची पाहुणी

ता. क. ब्लड प्रेशरची गोळी तुमच्याकडे वेळेवर मिळत नाही, असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. ओळखीचं एक कुटुंब लवकरच तिकडे येतंय. गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम ते कळवा, डॉक्टरांना विचारून पाठवते. संकोच करू नका. आईने सांगितलंय, नाही कळवलंत तर ती स्वतः येईल.