शेअरचे भाव आणि अपूर्णांकांची तुलना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या वर्गातील मुलांना ०.५ पेक्षा ०.१२५ मोठा वाटतो, कारण ५ पेक्षा १२५ मोठे दिसतात. आणि आठापेक्षा सोळा मोठे म्हणून १/८ पेक्षा १/१६ मोठा वाटतो. माझ्या वर्गातही हेच चालते, आणि नुसते नियम पाठ करून घेतल्याने हा समज जात नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून मी अमेरिकेतील शेअर बाजाराचे जुने भाव वर्गात आणतो.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात भाव फार वर्षे डॉलरच्या आठव्या भागांत सांगितले जात. १९९७ साली सोळावे भाग आले आणि २००१ मध्ये सगळे भाव दशांशात गेले. तुलनेसाठी याहून चांगले साहित्य मला ठाऊक नाही, कारण एकाच बाजारात दोन्ही पद्धती एकामागोमाग नांदल्या आहेत.

मी फळ्यावर २४ ५/८, २४.६ आणि २४ ९/१६ असे तीन भाव लिहितो आणि सर्वांत स्वस्त कोणता, एवढेच विचारतो. मग प्रत्येकाला ४० सेंटिमीटरची कागदी पट्टी देतो. ती चार वेळा निम्मी दुमडली की सोळा सारखे भाग पडतात आणि एकेक भाग अडीच सेंटिमीटरचा होतो. ९/१६ ची घडी २२.५ वर येते, ५/८ ची २५ वर, ०.६ साठी मात्र घडीच नाही, मोजपट्टीने मोजून २४ वर खूण करावी लागते. एका मुलीने ती खूण दोन घड्यांच्या मध्ये केली आणि आपणहून म्हणाली, "म्हणजे हा मधला भाव." त्यानंतर ०.५६२५, ०.६ आणि ०.६२५ हे आकडे लिहून दाखवले, तेव्हा आकड्यांच्या लांबीवर कोणी भुलले नाही.

मग पैशाचा प्रश्न येतो. घेणाऱ्याचा भाव २० १/८ आणि विकणाऱ्याचा २० १/४ असेल, तर शंभर शेअरवर साडेबारा डॉलरचा फरक पडतो. तोच फरक १/१६ चा असेल तर सव्वासहा डॉलर, आणि एका सेंटचा असेल तर अवघा एक डॉलर. १/१६ लहान का, हे यानंतर मला समजवावे लागत नाही. आपल्याकडेही १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, म्हणजे एक आणा बरोबर सव्वासहा नव्या पैशांचा. आजोबांना आण्यांचा हिशेब विचारून या, असे सांगितले की मुले हौसेने विचारून येतात.

एक गोष्ट मात्र सांभाळ. या भावांचे छेद २, ४, ८, १६ असेच असल्यामुळे प्रत्येक अपूर्णांकाचा दशांश कुठेतरी संपतो, आणि सगळेच अपूर्णांक असे संपतात, अशी मुलांची समजूत होऊ शकते. म्हणून पुढच्याच तासाला मी १/३ आणि ०.३३ यांत मोठा कोणता, हे विचारतो. तो तास फार अवघड जातो, पण तो टाळू नये.

आजच्या वर्तमानपत्रातले भावही घे, ४१२.०५ आणि ४१२.५० यांची तुलना स्थानिक किंमत पक्की करायला पुरेशी आहे. नफ्याची गोडी लावणे हा आपला हेतू नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेव.

पट्ट्या करून पाहिल्यास मुलांनी काय उत्तरे दिली, ते सविस्तर कळव.

तुझा स्नेहांकित