नऊ फोटो, मडगार्ड एकही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सायकलवर दोन पानं होती. फोटो मी मोजले : नऊ. त्यांतल्या एकाही सायकलीला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं आणि चालवणारं एकही माणूस ताठ बसलेलं नव्हतं. लेख चांगले होते, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण ज्याला सायकल घाम गाळायला नको, कुठेतरी पोहोचायला हवी आहे, त्याच्या वाट्याला हल्ली काय येतं ते आमच्या घरच्या अनुभवावरून सांगते.

भाचीला मेमध्ये नोकरी लागली. ऑफिस घरापासून चार किलोमीटर. मी म्हटलं, सायकल घे. पहिल्या दुकानातल्या मुलाने विचारलं, "फिटनेससाठी हवी की लाँग राइडला?" म्हटलं, "ऑफिसला. येताना भाजी." तो जरा गोंधळलाच. चेनकव्हरवाली, कॅरिअर असलेली साधी लेडीज सायकल दाखव म्हटलं, तर म्हणाला, "मावशी, ती आता शाळेच्या मुलींपुरतीच ठेवतो." दुसऱ्या दुकानात ऑर्डर द्यावी लागेल म्हणाले आणि रंग येईल तो. तिसऱ्या दुकानात आम्ही दमलो, पाऊसही तोंडावर आला होता, म्हणून एकवीस गिअरची घेऊन मोकळ्या झालो. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, घंटी या सगळ्यांचं बिल वेगळं. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला म्हणून मी खूश होते. ती बचत मडगार्डातच गेली.

आणि ते मडगार्ड तरी कसं? त्या फ्रेमला मडगार्डच्या तारा बसवायला भोकंच ठेवलेली नाहीत. प्लास्टिकचा तुकडा पट्ट्याने बांधलेला, तो पहिल्याच खड्ड्यात वाकडा झाला. भाची ऑफिसात पोहोचली ती पाठीवर मानेपर्यंत चिखलाची रेघ घेऊन. पुढच्या आठवड्यात ओढणी चेनमध्ये गेली. सिग्नलला थांबत होती म्हणून निभावलं. तेव्हापासून ती माझी सायकल नेते आणि मी चालत जाते.

माझी सायकल हिरवी, १९८४ची, पहिल्या नोकरीतली. चेन पूर्ण झाकलेली, मागच्या चाकाला साडीसाठी जाळी, सीटखाली स्प्रिंगा, ब्रेक दांड्यांचे. हँडल सीटपेक्षा वर आणि मुठी आपल्याकडे वळलेल्या, त्यामुळे मनगटावर भार येत नाही. सगळं वजन सीटवर, मान सरळ. बसमागून अचानक कोण येतंय ते दिसतं आणि मागे वळून पाहताना हँडल डुगडुगत नाही. पुढच्या चाकाला धरणारा फोर्क चांगलाच तिरका, दोन चाकांतलं अंतरही जास्त, म्हणून खड्ड्याचा दणका हातापर्यंत येईतो निम्मा होतो. हे काही कुणा पुणेकराने शोधलेलं नाही. मूळ बांधणी इंग्रजांची आणि डच लोक ती आजही नवी विकत घेऊन रोज चालवतात. तिकडे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि या ठेवणीच्या सायकलीला म्हणतात 'ओमाफिट्स', म्हणजे आजीची सायकल. हे कळल्यापासून मी जरा जास्तच ताठ बसते.

दोष आहेत, ते लपवत नाही. अंगाने जड आहे, तिसऱ्या मजल्यावर नेण्याचा विचारही करू नये. गिअर एकच, म्हणून कोथरूडच्या बाजूला चढ लागला की उतरायचं आणि हातात धरून चालायचं. पावसात पोलादी रिम ओली झाली की ब्रेक नावालाच लागतो, चौकाच्या बरंच आधीपासून दाबत यावं लागतं. या बाबतीत भाचीची सायकल कितीतरी सरस, हे मान्य. नव्या सायकलींचा तो चांगला ब्रेक आणि तीन गिअर या जुन्या बांधणीवर कुणी बसवून दिले, तर मी आज पैसे भरते.

दुरुस्तीचं म्हणाल तर मागच्या महिन्यात पायडल दर फेरीला 'टक' करायला लागलं. कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणारी खिळी, झिजली होती. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने डब्यातून नवी पिन काढली, घालून पाहिली, बाहेर काढली, कानशीने एका अंगाने चार हात मारले, पुन्हा घातली, हातोडीचे दोन ठोके आणि वर नट. दहा मिनिटं. भाचीचा मागचा गिअर मात्र तो हातात घेत नाही. "ताई, तो दुकानातच न्या," म्हणतो. दुकान म्हणतं, पार्ट मागवावा लागेल.

ही सायकल गेली, संपली, असं कुणी म्हणालं की मला नवल वाटतं. १९५१ साली सुरू झालेल्या अॅटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकलदिनीच, बंद झाला तेव्हा वाईट वाटलं खरं. कर्वेनगरात जुन्या सायकलींचं सुंदर संग्रहालय आहे, तिथे जाऊन भाचीला चाकाला घासून दिवा लावणारा डायनॅमो दाखवून आणला, तेही खरं. पण आपला हा अंक माझ्या दारात रोज पहाटे ज्या सायकलीवरून येतो, ती काय व्यायामाला निघालेली असते? दूधवाला तिच्यावर, गवंडी तिच्यावर. खेड्यापाड्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल मिळते, तिच्यावर दप्तर ठेवता येतं. शहरातल्या नोकरदार बाईनेच तेवढं दप्तर पाठीला लावून वाकायचं, हा नियम कुणी केला?

दुकानदारांना एवढंच सांगणं आहे की, मोठ्या माणसाच्या मापाची एक साधी, सगळं अंगावर असलेली सायकल दर्शनी ठेवा. विचारणारे येतात, फक्त दोन दुकानं फिरून तिसऱ्यात शरण जातात. सोसायट्यांच्या जिन्याखाली धूळ खात पडलेल्या जुन्या सायकली किलोवर देण्याआधी मालकांनी एकदा हवा भरून पाहावी. बहुतेकींना ट्यूब, टायर आणि तेल यापलीकडे काही लागत नाही.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या पुरवणीत एक तरी फोटो पिशवी अडकवलेल्या सायकलीचा छापा. माणूस मिळत नसेल तर मी येते. फक्त शनिवारी बोलवा, इतर दिवशी सायकल भाचीकडे असते.

आपली नियमित वाचक,
सदाशिव पेठ, पुणे ३०